डिस्क घालून पण ४३ जीबी डाऊनलोड! आपला कॅसेटवाला व्हिडिओ गेमच बरा होता का?

गोलाईवाला (धागाकर्ता), लातूर

राम राम मंडळी. दिवाळीला बहिणीची दोन्ही लेकरं गावाकडं आल्ती, आमचं गाव उदगीर तालुक्यात. भाच्याला वाढदिवसाला नवा कन्सोल (टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन) मिळालाय, तो त्यानं कपड्याच्या पिशवीत गुंडाळून पुण्याहून इथपर्यंत आणला, सोबत गाड्यांच्या रेसची एक नवीकोरी डिस्क, सील पण फोडलेलं नव्हतं. म्हणलं चला, रातच्याला मामा-भाचे खेळू. डिस्क घातली तर आधी कन्सोलचं अपडेट, मग डिस्कवरनं गेम आत कॉपी, मग गेमचं अपडेट, ते ४३ जीबी! आमच्या गावात रेंज पाहिजे असली तर माळवदावर चढावं लागतं. हॉटस्पॉट चालू करून मोबाईल वर कट्ट्याला टेकवून ठेवला अन् खाली येऊन सगळे टीव्हीपुढं बसलो. साडेनऊला ६ टक्के. बारकी भाची वाट बघून बघून माझ्या मांडीवरच झोपली. भाचा विचारूलाला की मामा डिस्क तर आपल्याकडं आहे, मग हे येऊलालंय तरी कुठनं? मला उत्तर देता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी लोखंडी पेटी उघडली. वडलांनी १९९८ ला तुरीची पट्टी झाल्यावर गंजगोलाईतून घेऊन दिलेला व्हिडिओ गेम, दोन रिमोट, एक बंदूक अन् चार कॅसेटा, आईनं जुन्या धोतरात बांधून ठेवलेल्या. अडॅप्टर गेलेला, तो केबलवाल्याकडनं आणला. टीव्हीच्या मागं पिवळी-पांढरी पिन घातली, कॅसेट दाबली, बटण सरकवलं अन् मारिओचं म्युझिक चालू. सात वर्षांच्या पोरीला काहीच शिकवावं लागलं नाही. उजवीकडचं बटण दाबलं की पळतो, हे दाबलं की उडी. जेवायला हाका मारून मारून आई दमली.

माझे दोन प्रश्न आहेत. एक, ही फक्त माझ्या लहानपणाची माया आहे का खरंच आपल्या हातातनं काही गेलंय? दोन, बदकांच्या गेमची बंदूक एलईडी टीव्हीवर चालतच नाही, सगळी बदकं उडून जातात. बंदूक खराब झाली का?

मानवतकर

कोणती कॅसेट निघाली भौ? आमच्याकडं ९९९९९९९ इन १ होती. मी अन् चुलतभावानं उन्हाळ्याच्या सुट्टीत वहीत मोजून काढलं, खरे गेम १४ निघाले. पण त्या चौदात टँकवाला होता, बस झालं.

गोलाईवाला

@मानवतकर, टँकवाली हरवली हो. तेच तर दुःख आहे. मारिओ, काँट्रा, बदकं अन् सर्कशीतला सिंह आहे.

पैठणगेट

सर्कसवाला!! आगीच्या रिंगणातनं उडी! आज रात्री झोप नाही.

सिडको_एन६

धागाकर्ते, माया तर आहेच, पण ती बाजूला ठेवून फक्त आकडे बघा. सुपर मारिओ ब्रदर्स १९८५ चा, पूर्ण गेम ४० किलोबाइट. आपण सकाळी व्हॉट्सॲपवर 'शुभ सकाळ'चं फूल पाठवतो ते याच्याहून मोठं असतं. अन् आपल्याकडं जे डबे मिळायचे ते जपानमध्ये १९८३ ला आलेल्या निन्टेन्डो कंपनीच्या फॅमिकॉम या मशीनच्या नकला होत्या, त्यात खेळायला मेमरी २ किलोबाइट. एवढ्यात बसवायचं म्हणून त्या लोकांनी काय काय केलंय ते बघण्यासारखं आहे. आता परत लावाल तेव्हा ढग अन् झुडपं नीट बघा. दोन्हीचा आकार एकच आहे. एकच चित्र, वर पांढरं दिसतं तो ढग, खाली हिरवं केलं की झुडूप. मला हे पंचविसाव्या वर्षी कळलं अन् त्या दिवशी मी ऑफिसातनं घरी येऊन पहिलं काम तेच तपासायचं केलं.

दुसरं म्हणजे कॅसेट. त्या चिपमध्ये गेम कारखान्यातच कोरला जायचा, एकदा कॅसेट बाजारात गेली की चूक दुरुस्त करायची सोय नाही. म्हणून आधीच तपासून तपासून द्यावा लागायचा. (चुका राहायच्याच, पण गेम चालायचा.) आता 'पाठवून देऊ, नंतर अपडेट सोडू' हा धंदाच झालाय. सायबरपंक २०७७ हा गेम आठवा, डिसेंबर २०२० ला आला अन् जुन्या कन्सोलवर इतका अडखळत होता की प्लेस्टेशनवाल्या सोनीनं आठवडाभरात आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला, परत ठेवला तो जून २०२१ ला. विकत घेणारा माणूस फुकटचा टेस्टर झाला, वरून पैसे त्यानंच भरले. मी स्वतः सॉफ्टवेअरमध्ये आहे, मला याची लाज वाटते.

कळंब_२००३

सगळे काका-मामा एका बाजूनं बोलतायत म्हणून लिहितो, राग मानू नका. माझा जन्म २००३ चा. मी जुने गेम खेळलोय, मोबाईलवर इम्युलेटर (जुन्या मशीनची नक्कल करणारं ॲप) टाकून. खरं सांगू का, त्यातले बरेच फार निर्दयी आहेत. सेव्ह नाही. तीन जीव संपले की पहिल्यापासून. ते काही थोर विचारातनं नव्हतं, पार्लरच्या मशीनमध्ये नाणी पडावीत म्हणून गेम अवघड करायचे अन् तीच सवय घरच्या गेममध्ये आली, अन् चाळीस केबीचा गेम अर्ध्या तासात संपू नये म्हणून पण. तुम्हाला गोड लागतं कारण तुम्ही बारा वर्षांचे होता अन् शाळेला सुट्टी होती.

अन् आत्ताचे गेम? मी एकुलता एक. माझा जिवलग दोस्त बारावीनंतर पुण्याला गेला, कंपनीत लागला. रोज रात्री दहाला आम्ही दोघं हेडफोन लावून खेळतो. खेळतो कमी, बोलतो जास्त. त्याच्या मेसमधली भाजी, माझी एमपीएससी, सगळं तिथंच. कळंब ते पुणे एवढं अंतर तुमच्या कॅसेटनं कापलं असतं का? गोष्टी पण बघा, घोस्ट ऑफ त्सुशिमा या गेममध्ये कुठं जायचं ते दाखवायला बाण नाही, वारा वाहतो अन् गवत त्या दिशेनं झुकतं. मी संध्याकाळी शेतात उभा राहिलो की मला ते आठवतं. नवीन सगळं वाईट म्हणू नका.

मानवतकर

पोराच्या बोलण्यात दम आहे.

नांदेड_गोदाकाठ

वाऱ्याचं एक नंबर लिहिलंस रे. पण सेव्ह नसण्याची मजा तुला लोडशेडिंगनं शिकवली असती. आम्ही काँट्राच्या शेवटच्या टप्प्यावर, भाऊ अन् मी, दोघांचे मिळून तीन जीव शिल्लक, अन् लाईट गेली. अंधारात दोघंही रिमोट धरून तसेच बसलो. कुणी काहीच बोललं नाही. आजी म्हणाली, 'अरे गेलं कोण?'

पैठणगेट

आजी 😂

अंबाजोगाईची

इथं सगळे पुरुषच बोलताहेत म्हणून माझं पण ऐका. कॉइन टाकून खेळायचं व्हिडिओ गेम पार्लर आम्हाला माहीतच नाही. बसस्टँडकडं जाताना दारावरचा पडदा दिसायचा, आतून आवाज यायचा, पण मुलींनी तिकडं बघायचं सुद्धा नाही. म्हणून दादानं घरी व्हिडिओ गेम आणला तेव्हा मला त्याच्यापेक्षा जास्त आनंद झाला होता. माझ्यासाठी तो गेम म्हणजे पडद्याच्या आतली जागा होती.

पण दोन नंबरचा रिमोट कुणाकुणाला आठवतो? त्याला स्टार्ट अन् सिलेक्टची बटणंच नव्हती. गेम कोणता लावायचा ते एक नंबर ठरवणार, मध्येच थांबवायचा तर एक नंबरच थांबवणार. आमच्या घरी एक नंबर कायम दादा. मारिओत दुसऱ्याची पाळी पहिला मेल्यावर येते. दादा चांगला खेळायचा, त्यामुळं मी पाऊण-पाऊण तास मांडीवर रिमोट घेऊन वाट बघायचे, पाळी आली की घाईघाईत पहिल्याच खड्ड्यात पडायचे, परत पाऊण तास. तो दुपारी क्लासला गेला की मी एक नंबरचा रिमोट घ्यायचे. त्या एका तासात मी ८-४ पर्यंत, म्हणजे मारिओच्या शेवटच्या टप्प्यापर्यंत, कशी पोचले ते अजून त्याला माहीत नाही. (दादा वाचत असशील तर आता कळलं.)

म्हणून कळंबच्या पोराचं मला अर्धं पटतं. आता माझं स्वतःचं खातं आहे, माझा गेम मी थांबवते. पण तो म्हणतो ते हेडफोनवर बोलणं मला जमलं नाही, आवाज बाईचा आहे कळलं की अनोळखी पोरं जे काही बोलतात ते इथं लिहिण्यासारखं नाही. मी माईक बंद करूनच खेळते. दादा शेजारी बसून भांडायचा ते बरं होतं, त्याला आई तरी रागवायची.

कळंब_२००३

@अंबाजोगाईची, ताई, माईकचं वाचून वाईट वाटलं. आम्ही दोघंच खेळतो त्यामुळं हे कधी डोक्यातच आलं नाही.

सिडको_एन६

दोन नंबरच्या रिमोटचं अगदी बरोबर. मूळ जपानी मशीनला त्या बटणांच्या जागी छोटा माईक होता. आपल्याकडच्या नकलांनी माईक काढला अन् बटणं पण दिली नाहीत.

अंबाजोगाईची

म्हणजे दोन नंबरला माईक होता अन् तो पण काढून घेतला? कमाल आहे!

पैठणगेट

पार्लरचा विषय निघालाच आहे तर. आमच्या गल्लीत होतं, पत्र्याचं शेड, चार मशीन, एक रुपयाला एक कॉइन. सगळ्यात जास्त गर्दी 'मुस्तफा'ला. गेमचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स, कॅपकॉम कंपनीचा, १९९३ चा, पण ते नाव घेणारा एकही माणूस मला औरंगाबादेत भेटला नाही. पिवळ्या टोपीचा मुस्तफा पळत जाऊन लाथ मारायचा म्हणून तोच सगळ्यांना पाहिजे असायचा, अन् गेमलाही त्याचंच नाव पडलं. आमच्या गल्लीतला एक मोठा पोरगा एका कॉइनमध्ये गेम संपवायचा, त्याच्या मागं पंधरा-वीस पोरं उभी. शेवटच्या राक्षसाच्या वेळी पार्लरवाला चाचा पण गल्ला सोडून बघायला यायचा. ईदला त्याच चाचांनी आम्हा सगळ्यांना एकेक कॉइन फुकट दिला होता.

आता माझा पोरगा खेळतो, त्याचे शंभर-शंभर मित्र आहेत म्हणे, मी एकाचंही तोंड बघितलेलं नाही.

हिंगोली_४३१५१३

आमच्याकडं त्याला 'पिवळी टोपी' म्हणायचे.

जालन्याचा

मला पैशाबद्दल लिहायचंय. कॅसेट महाग होती, कबूल. पण एकदा घेतली की विषय संपला, अन् कंटाळा आला की दोस्तासोबत अदलाबदली. माझा मुलगा अकरा वर्षांचा. फुटबॉलच्या गेममध्ये खेळाडूंची विकत घ्यायची बंद पाकिटं असतात, पाकीट फोडलं तर चांगला खेळाडू निघेल नाहीतर नाही. बँकेचं कार्ड एकदा मीच त्यात जोडून दिलं होतं, काढायचं राहून गेलं. दोन महिन्यांत ६,४०० रुपये. त्याला मारलं नाही. विचारलं, कामून केलं असं? तर रडत म्हणला, पप्पा मी रोज म्हणायचो की आता पुढच्या पाकिटात निघंल. हे वाक्य मी आमच्या गावात मटक्याच्या नादी लागलेल्या माणसांच्या तोंडून ऐकलंय, अगदी असंच. बेल्जियमनं २०१८ लाच असल्या पाकिटांना जुगार ठरवलं. आपल्याकडं अकरा वर्षांच्या पोराच्या हातात ते खुशाल आहे. मला यात मजा-बिजा काही दिसत नाही, मला भीती वाटते.

अंबाजोगाईची

@जालन्याचा, न मारता विचारलंत हे फार चांगलं केलंत.

मानवतकर

खरंय भौ. कार्ड आत्ताच काढा सगळ्यांनी, मी पण उठून काढून आलो.

नांदेड_गोदाकाठ

धागाकर्त्याच्या भाच्यानं विचारलं ना, डिस्क आपल्याकडं आहे तर हे येतंय कुठनं. सगळ्या धाग्यात तोच प्रश्न मला टोचतोय. कारण जिथनं येतं ते उद्या बंद झालं तर? द क्रू नावाचा रेसचा गेम होता, २०१४ चा. ३१ मार्च २०२४ ला तो बनवणाऱ्या युबिसॉफ्ट कंपनीनं त्याचे सर्व्हर (ज्या कंप्युटरवरनं नेटनं गेम चालतो ते) बंद केले. एकट्यानं खेळायचा म्हणलं तरी सर्व्हर लागायचा, त्यामुळं ज्यांच्याकडं डिस्क होती त्यांच्याकडं आता नुसती चकती उरली. युरोपात त्यावरून मोठी मोहीम उभी राहिली, दहा लाखांच्या वर सह्या झाल्या. निन्टेन्डोच्या थ्रीडीएस अन् वी यू या कन्सोलचं ऑनलाइन दुकान २७ मार्च २०२३ ला बंद झालं, त्यात काही गेम फक्त तिथंच मिळायचे. आता त्यांच्याच स्विच २ या नव्या कन्सोलच्या कितीतरी कॅसेटांत गेमच नसतो, फक्त किल्ली असते, गेम नेटवरनं उतरवायचा. किल्ली आपल्या खिशात अन् घर दुसऱ्याच्या ताब्यात, असलं कुलूप कुठं बघितलंय का?

जुन्याचं पण सगळं जपलं गेलंय असं नाही. अमेरिकेत २०२३ ला व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशननं अभ्यास केला, २०१० च्या आधीचे ८७ टक्के गेम आज बाजारात रीतसर विकत मिळत नाहीत. लोकांनी पेट्यांमध्ये जपून ठेवलंय अन् पोरांनी इम्युलेटरवर जिवंत ठेवलंय, तेवढंच.

कळंब_२००३

हे मात्र मान्य. पूर्ण मान्य. मी दोन वर्षांपूर्वी सेलमध्ये घेतलेला एक गेम मागच्या महिन्यात बंद झाला, साधा मेल आला, सव्वातीन ओळींचा. आम्हा दोघांची त्यात बांधलेली गढी होती, आठ महिने बांधत होतो. स्क्रीनशॉट आहेत फक्त. काकांच्या पेटीत कॅसेट २७ वर्षं राहिली अन् माझी गढी दोन वर्षं पण नाही. गेम नवीन असू द्या, सुंदर असू द्या, पण घेतला तर तो माझा राहिला पाहिजे.

गोलाईवाला

पोरा, माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुझ्याकडनं मिळालं. मलाही नवीन गेमचा राग नाही, भाच्याचा तो रेसचा गेम तिसऱ्या दिवशी चालू झाला तेव्हा आम्ही तोंडात बोट घालून बघत होतो, पावसाचं पाणी काचेवरनं ओघळतं ते सुद्धा दिसतं. पण दोघांनी एकाच पडद्यावर खेळायची सोयच त्यात नाही. एक रिमोट, एक माणूस, बाकीच्यांनी बघायचं. काँट्रात धबधब्यावर चढताना एकानं घाई केली की पडदा वर सरकतो अन् खालचा मरतो, आठवतं का? भाचा सारखा वर पळायचा अन् बारकी खाली मरायची. भांडण, रडारड. तिसऱ्या वेळी तो थांबला. दगडावर उभा राहून म्हणला, 'ये लवकर, मी आहे इथं.' हे मला त्याच्या आईला फोन करून सांगावं वाटलं, सांगितलं पण.

पैठणगेट

काँट्रा चालू होताना ही बटणं दाबा: वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए स्टार्ट. तीस जीव. भाचीला शिकवा, मरू दे खुशाल.

हिंगोली_४३१५१३

अहो पण बंदुकीचा प्रश्न राहिला ना. सगळे आठवणीत बुडाले.

सिडको_एन६

हो की, माफ करा. बंदूक बहुतेक चांगलीच आहे, टीव्ही नवा आहे म्हणून चालत नाही. बंदुकीतून काहीच निघत नाही, उलट तिच्या नळीत एक प्रकाश ओळखणारा डोळा आहे. घोडा दाबला की क्षणभर पूर्ण पडदा काळा होतो अन् लगेच पुढच्या चित्रात बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. आधी काळं अन् मग पांढरं दिसलं तर नेम लागला. (आधी काळं कशासाठी, तर कुणी बल्बकडं नेम धरून फसवू नये म्हणून.) जुना डबा टीव्ही सिग्नल आला की त्याच क्षणी पडद्यावर रेघ ओढतो, म्हणून गेमचं अन् बंदुकीचं जुळतं. एलईडी टीव्ही आधी चित्र आत घेतो, मोठं करतो, मग दाखवतो. सेकंदाचा बारीक हिस्सा जातो, पण तोपर्यंत गेमनं 'पांढरं दिसलं नाही' म्हणून बदक उडवून दिलेलं असतं. मारिओची उडी पण एलईडीवर किंचित उशिरा येते ती याचमुळं, टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड लावला तर थोडा फरक पडेल. बंदुकीला मात्र डबा टीव्हीच पाहिजे.

अन् दोन गोष्टी. कॅसेटमध्ये फुंकू नका, आपण सगळ्यांनी आयुष्यभर फुंकलं पण तोंडातला ओलावा पिनांना गंज आणतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाला लावून हलकं पुसा. अन् केबलवाल्याच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट अन् प्लस-मायनस कुठं ते एकदा गेमच्या डब्याखालच्या लेबलशी ताडून बघा, उलटा लागला तर चिप जाईल.

मानवतकर

फुंकायचं नाही? मग गेम चालू कसा व्हायचा हो आमचा?

सिडको_एन६

काढून परत घातल्यामुळं. फुंकरीचं श्रेय उगाच गेलं इतकी वर्षं.

गोलाईवाला

*(संक्रांतीनंतर)*

मंडळी, धागा वर काढतोय. औशाला आत्याकडं डबा टीव्ही निघाला, २१ इंची, वर कापड टाकून त्यावर गणपती ठेवला होता. गणपती भिंतीतल्या कोनाड्यात बसवून दिला अन् टीव्ही पिकअपमध्ये कडब्याच्या पेंढ्यांत घालून गावाकडं आणला, आत्या पण सोबत आली. अडॅप्टरचं लेबल तपासलं, बरोबर होतं. पिना पुसल्या, फुंकलं नाही.

लेकरं संक्रांतीला आलीच होती. बारकीनं बंदूक दोन्ही हातांनी धरली, जीभ बाहेर काढून नेम धरला, घोडा दाबला. पडदा लखकन झाला अन् बदक खाली पडलं! गेममधल्या कुत्र्यानं गवतातनं ते उचलून दाखवलं तसं घरातले सगळे ओरडले, बाहेर बांधलेली म्हैस दचकून उठली. मग भाचा, मग मी, मग वडील. वडलांनी १९९८ ला पैसे दिले होते पण एकदाही हातात घेतला नव्हता. आत्या बाजेवर बसून तिळाचे लाडू वळत होती, हात पुसले अन् म्हणली, 'आण रे इकडं, माझी पाळी कवा?' पहिली तीन उडाली. कुत्रं हसलं तसं ती चिडली, चष्मा चढवला अन् पुढची चार पाडली.

अंबाजोगाईची

आत्यांना एक नंबरचा रिमोट द्या!

मानवतकर

रविवारी लातूरला कामानं येतोय. टँकवाली कॅसेट माझ्याकडं आहे, चुलतभावाकडनं मागून घेतली. आणू का?

गोलाईवाला

आणा भौ. जेवायलाच या, आत्या अजून इथंच आहे.